इयरबुकातल्या सह्या

अमेरिकेतल्या शाळा मे-जूनमध्ये संपतात. त्या संपायच्या आधी थोडे दिवस मुलांच्या हातात एक जाडजूड, गुळगुळीत कागदाचं रंगीत पुस्तक पडतं. त्याला म्हणतात इयरबुक. आपल्या शाळांतून निघायचा तसा हा वार्षिकांक नव्हे. वार्षिकांकात मुख्याध्यापकांचं मनोगत, चार कविता, दोन प्रवासवर्णनं आणि देणगीदारांची यादी असे. इयरबुकात शाळेतल्या प्रत्येक मुलाचा नावासकट फोटो असतो. खेळाचे संघ, नाटक, वाद्यवृंद, सहली, सगळं त्यात येतं. आणि मागे पुढे काही पानं मुद्दाम कोरी सोडलेली असतात. ती सह्यांसाठी. मग शाळेचे उरलेले दिवस मुलं एकमेकांच्या मागे पेनं घेऊन फिरतात. "माझ्यात लिही ना, मी तुझ्यात लिहिते."

माझी नात न्यू जर्सीत आठवीत होती त्या वर्षी सुट्टीत इकडे येताना तिनं तिचं इयरबुक बॅगेत घालून आणलं होतं. मी चष्मा लावून ते अथपासून इतिपर्यंत पाहिलं. (शिक्षिकेची खोड. हातात वही आली की तपासायचीच.) सह्यांची पानं मोजली, तर एकसष्ट सह्या. त्यातल्या निम्म्याअधिकांवर एकच मजकूर, एच, ए, जी, एस अशी चार इंग्रजी अक्षरं. मला वाटलं कुठल्याशा मंडळाचं नाव असेल. नातीनं हसून सांगितलं, "आजी, त्याचा अर्थ उन्हाळ्याची सुट्टी मजेत घालव." म्हणजे आपलं 'कळावे, लोभ असावा' म्हणा ना! आणि तेसुद्धा चार अक्षरांत उरकलेलं.

लेक म्हणाली, "अगं आई, आता या सह्यांना काही अर्थ राहिलेला नाही. रोज रात्री हीच मुलं फोनवर एकमेकांशी बोलत असतात. सुट्टीत काय, आणि शाळा बदलली तरी काय, कुणी कुणाला सोडून जातच नाही. आमच्या वेळी कसं मनापासून लिहायचो आम्ही!"

'आमच्या वेळी' हे शब्द ऐकले की मी जरा सावध होते. इतिहास हा माझा बी.ए.चा विषय, पुढे बरीच वर्षं तो शिकवलाही. 'आमच्या वेळी' काय होतं हे तपासल्याशिवाय आज काय बिघडलंय ते सांगू नये, असं मी मुलांना बजावत आले. म्हणून या सह्यांच्या मागे लागले. ते प्रकरण फारच मागे गेलं, थेट सोळाव्या शतकात.

जर्मनीत विटेनबर्ग नावाचं गाव आहे. तिथलं विद्यापीठ 1502 सालचं. मार्टिन ल्यूथर तिथे शिकवत असे. 1517 साली त्यानं पोपच्या पापमुक्तीच्या पत्रांविरुद्ध पंचाण्णव मुद्दे मांडले आणि युरोप ढवळून निघाला, हे आपण शाळेत शिकलो आहोत. त्यानंतर त्या गावात दूरदूरहून विद्यार्थी येऊ लागले. शिक्षण संपवून परत निघताना ते ल्यूथरकडून, त्याचा सहकारी मेलांख्टनकडून आपल्या बायबलच्या किंवा एखाद्या पुस्तकाच्या कोऱ्या पानावर दोन ओळी लिहून घेत. 1540 च्या सुमारास यासाठी वेगळ्या वह्याच निघू लागल्या. लॅटिनमध्ये त्याला म्हणायचे 'आल्बुम आमिकोरुम', म्हणजे मित्रांची वही. जर्मनमध्ये नाव पडलं 'श्टामबुख', कुळाची वही. आपण फोटोच्या आल्बमला आल्बम म्हणतो तो हाच शब्द. लॅटिनमध्ये त्याचा मूळ अर्थ पांढरा, कोरा.

वही लहानशी आणि आडवी असे, खिशात मावेल अशी. कारण ती घेऊन हिंडायचं असायचं. त्या काळचा विद्यार्थी एका विद्यापीठात बसून राहत नसे. आज विटेनबर्ग, पुढल्या वर्षी स्ट्रासबुर्ग, मग बाझेल, मग आल्प्स ओलांडून पादुआ, असा त्याचा प्रवास चाले. अनोळखी गावात पोचल्यावर तिथल्या प्राध्यापकाच्या दारात उभं राहायचं तर ओळख कुणाची सांगणार? ओळखपत्र नाही, फोटो नाही. तेव्हा ही वही पुढे करायची. अमक्या पंडितानं माझ्या वहीत लिहिलंय, तमक्या सरदारपुत्रानं आपलं कुलचिन्ह रंगवून दिलंय, म्हणजे मी कुणीतरी बरा मुलगा आहे. मग तो प्राध्यापकही पुढच्या पानावर लिही, आणि वही घेऊन मुलगा पुढच्या गावाला.

मला हे वाचून थोडा धक्काच बसला. मी समजत होते की सही घ्यायची ती म्हातारपणी उघडून बघायला. आपल्याकडे नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांकडे वह्या असतात, त्यात आजोबांची सही काढून दाखवतात आणि तिच्याखाली आपली घेतात, ती खरी आठवणीची वही. पण विटेनबर्गच्या पोरांना वही हवी होती ती पुढच्या आठवड्यासाठी.

आणि त्या वह्यांत काय लिहिलेलं असे? वाटतं तसं काळजातलं काही नाही. ग्रीक-लॅटिन सुभाषितं, बायबलातलं एखादं वचन, खाली 'मैत्रीची खूण म्हणून लिहिले', सही, गाव, तारीख. आणि तीच ती सुभाषितं पुन्हा पुन्हा. पानांचीही पायरी ठरलेली होती. पहिली पानं राजेरजवाड्यांसाठी राखलेली, मग सरदार, मग प्राध्यापक, आणि बरोबरीचे विद्यार्थी पार मागे. एखाद्या साध्या मुलानं पुढच्या पानावर लिहिलं तर तो आगाऊपणा ठरे. तेव्हा ती चार अक्षरं लिहिणाऱ्या न्यू जर्सीच्या पोरांना नावं ठेवायच्या आधी हे लक्षात घेतलेलं बरं. निरोपाचा मजकूर साडेचारशे वर्षांपूर्वीही छापील ठशाचाच होता. विटेनबर्गच्या पोरांचं लॅटिन होतं एवढंच!

असाच कंटाळून एकानं ठसा मोडला, त्याची गंमत सांगण्यासारखी आहे. सर हेन्री वॉटन हा इंग्लंडचा वकील 1604 साली व्हेनिसला निघाला होता. वाटेत ऑग्सबुर्गला मुक्काम पडला. तिथल्या यजमान मित्रानं रिवाजाप्रमाणे वही पुढे केली. वॉटननं लॅटिनमध्ये एक चुटका लिहिला. त्याचा भावार्थ असा, की राजदूत म्हणजे स्वदेशाच्या भल्यासाठी परदेशी खोटं बोलायला धाडलेला सज्जन माणूस. इंग्रजीत 'लाय' या शब्दाचे 'राहणं' आणि 'खोटं बोलणं' असे दोन अर्थ होतात, त्यामुळे इंग्रजी डोक्यानं ती कोटी खपून गेली असती. लॅटिनमध्ये कोटीच होत नाही, उरतं नुसतं खोटं बोलणं. सात वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. मग 1611 मध्ये इंग्लंडच्या राजाचा एक कट्टर विरोधक, श्योपे नावाचा विद्वान, याला ही ओळ सापडली आणि त्यानं ती पुस्तकात छापून टाकली, की बघा हे इंग्लंडचे वकील कसे असतात. राजा पहिला जेम्स चांगलाच रागावला. वॉटनला माफीची पत्रं लिहावी लागली आणि काही काळ तो दरबारातून उतरला. पुढे 2019 मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियाच्या राज्यपालांचं असंच झालं. त्यांच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या 1984 सालच्या इयरबुकात त्यांच्या पानावर वर्णद्वेषी वेषातला एक फोटो निघाला. त्यात आपण आहोत का, याबद्दल त्यांनी आधी एक सांगितलं, दुसऱ्या दिवशी दुसरं, आणि चौकशीतूनही पक्कं काही ठरलं नाही. पस्तीस वर्षं ते पान कुणाच्या तरी कपाटात पडून होतं! वहीतली गोष्ट वहीत राहते अशी समजूत फार जुनी आहे.

पण एक वही मला मनापासून आवडली. बॉन शहरातला एकवीस वर्षांचा एक वादक 1792 च्या नोव्हेंबरात व्हिएन्नाला निघाला, हायडनकडे शिकायला. निघायच्या आधी स्नेह्यांनी त्याच्या वहीत लिहिलं. पंधराएक जणांनी असेल. त्यातल्या वाल्डश्टाइन नावाच्या उमरावानं 29 ऑक्टोबरला लिहिलं की मोझार्ट गेला (तो आदल्या डिसेंबरात वारला होता), आता तू कष्ट कर, म्हणजे हायडनच्या हातून तुला मोझार्टचा आत्मा मिळेल. वादकाचं नाव बेटहोफेन. बारा वर्षांनी त्यानं एक मोठा सोनाटा या वाल्डश्टाइनला अर्पण केला, आजही तो त्याच नावानं ओळखला जातो. बॉनला तो परत राहायला गेलाच नाही. वहीत लिहिणाऱ्यांना हे अर्थातच माहीत नव्हतं. त्यांनी चार दिवसांनी गाडीत बसणाऱ्या पोराच्या पाठीवर हात ठेवला, इतकंच.

आता अमेरिका. जर्मनीतून लोक तिकडे गेले तेव्हा वहीची चालही गेली. एकोणिसाव्या शतकात तिथल्या शाळा-कॉलेजांत ऑटोग्राफ आल्बमची लाट होती. दुसऱ्या बाजूनं चित्रांची सोय वाढत होती. येल कॉलेजात 1806 साली बाहेर पडणाऱ्या मुलांच्या चेहऱ्यांच्या काळ्या छायाकृतींचं एक पुस्तक निघालं, त्याला पहिलं इयरबुक मानतात. कॅमेरा अजून यायचा होता, म्हणून नुसती बाजूनं दिसणारी सावली. 1850 नंतर जॉर्ज वॉरन नावाच्या मॅसॅच्युसेट्सच्या फोटोग्राफरनं हार्वर्ड, येल अशा कॉलेजांतल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांचे फोटो काढून विकायला सुरुवात केली. मुलं आपल्या मित्रांचे फोटो निवडून विकत घ्यायची, त्यावर सह्या घ्यायची आणि चामड्यात बांधून घ्यायची. प्रत्येकाचं पुस्तक वेगळं, कारण प्रत्येकाचे मित्र वेगळे.

1880 नंतर छपाईत ठिपक्यांनी फोटो छापायची रीत आली आणि हे सगळं पालटलं. आता शेकडो प्रती स्वस्तात छापता येऊ लागल्या. सगळ्यांना एकच पुस्तक. शाळाशाळांत ते पसरलं आणि त्याचा मोठा धंदा झाला. जॉस्टन्स ही त्यातली एक नामांकित कंपनी. मिनेसोटातल्या एका लहान गावात 1897 साली ती घड्याळदुरुस्ती आणि दागिन्यांचं दुकान म्हणून सुरू झाली, मग शाळेच्या अंगठ्या करू लागली आणि विसाव्या शतकाच्या मध्याला इयरबुकात उतरली.

या छपाईनं एक बदल केला, तो माझ्या मते सगळ्यात मोठा. जुन्या वहीत तोच होता ज्याला तुम्ही विचारलंत. नव्या पुस्तकात वर्गातला प्रत्येक जण आहे, तुम्हाला आवडो न आवडो, आडनावाच्या क्रमानं. फोटो शाळा देते. मित्र मात्र शाळा देऊ शकत नाही, ते कोऱ्या पानांवर आपले आपण मिळवायचे. म्हणजे एकाच पुस्तकात 'तू या शाळेतला आहेस' हेही छापलेलं, आणि 'तू कुणाचा आहेस' हेही उघडं पडलेलं. कुणाची पानं गच्च, कुणाची रिकामी. हे नातीला विचारलं तर ती पटकन म्हणाली, "हो आजी, सगळे मोजतात. पण मोजत नाही असं दाखवतात."

इयरबुकाची सगळ्यात वेगळी गोष्ट मला सापडली ती मांझानारची. दुसऱ्या महायुद्धात जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केल्यावर, फेब्रुवारी 1942 मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी एक हुकूम काढला. त्या हुकमानं अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सुमारे 1,20,000 माणसांना घरंदारं, दुकानं, शेतं सोडायला लावून छावण्यांत ठेवलं गेलं. त्यातले जवळजवळ दोन तृतीयांश अमेरिकेचेच नागरिक होते, तिथेच जन्मलेले. मांझानार ही कॅलिफोर्नियातली अशी एक छावणी. सिएरा नेवाडा पर्वताच्या पायथ्याशी रखरखीत वाळवंट, लाकडी बराकी, भोवती काटेरी तार आणि पहाऱ्याचे मनोरे. दहा हजार माणसं तिथे राहत होती. अर्थात मुलंही होती, आणि मुलं आहेत म्हटल्यावर शाळा भरलीच.

त्या शाळेनं इयरबुक काढलं! 1943-44 सालचं, नाव 'अवर वर्ल्ड', आपलं जग. फोटो काढले टोयो मियाताके यांनी. लॉस एंजेलिसमध्ये त्यांचा स्टुडिओ होता. छावणीत कॅमेऱ्याला बंदी होती, तर त्यांनी भिंग लपवून आत नेलं आणि लाकडी खोका करवून त्यात ते बसवलं. पुढे अधिकाऱ्यांनीच त्यांना छावणीचे फोटोग्राफर म्हणून काम करू दिलं. या इयरबुकात काय आहे? जे कुठल्याही अमेरिकन शाळेच्या इयरबुकात असतं तेच. वर्गांचे फोटो, नाटक, खेळ, मंडळं, हसरे चेहरे. 1945 सालच्या पुस्तकाचं नाव 'व्हॅलेडिक्शन', निरोप. त्यात मियाताके यांचा एक फोटो आहे. काटेरी तार, मागे पहाऱ्याचा मनोरा, आणि तारेला पकडीचं तोंड लावलेला एक हात. बाकी काही नाही.

आणि त्याही पुस्तकांत मुलांनी एकमेकांना सह्या दिल्या. विचार करा, ही मुलं कुठे जाणार होती? मूळ घरी परत जायची सोय अनेकांना उरलीच नव्हती. 1945 मध्ये छावणी बंद झाली तेव्हा कुणी शिकागोकडे गेलं, कुणी आणखी पूर्वेला, कुणी चाचरत कॅलिफोर्नियात परत. 1988 मध्ये अमेरिकन सरकारनं कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला वीस हजार डॉलर दिले. तोवर ती मुलं साठीला आली होती. तारेच्या आतली पोरं इयरबुकात कशाला लिहीत होती असं कुणी विचारलं, तर म्हातारपणी उघडून बघायला हे उत्तर मला तरी पटत नाही. आपण कैदी नाही, शाळेतली मुलं आहोत, हा आपला वर्ग आहे, हे त्यांना त्या दिवशी, तिथे, एकमेकांना सांगायचं होतं.

आपल्याकडे इयरबुक नव्हतं, ऑटोग्राफ बुक होतं. गुलाबी, पिवळी, निळी पानं, तळहाताएवढं. थोरामोठ्यांच्या सह्या घ्यायची चाल त्याहून आधीची. गांधीजी सहीचे पाच रुपये घेत आणि ते हरिजन फंडात टाकत, हे आमच्या वडिलांकडून ऐकलेलं आणि नंतर वाचलेलंही. सत्यजित राय लहान असताना आईबरोबर शांतिनिकेतनला गेले आणि नवी कोरी वही रवींद्रनाथांपुढे धरली. रवींद्रनाथांनी वही ठेवून घेतली, दुसऱ्या दिवशी आठ ओळींची एक कविता लिहून परत दिली आणि आईला सांगितलं की मोठा झाला की त्याला कळेल. म्हणजे माझ्या म्हणण्याला हा एक सणसणीत अपवाद झाला. असो. सगळ्यांनाच रवींद्रनाथ भेटत नाहीत.

माझं स्वतःचं मॅट्रिक 1968 चं, जुनी अकरावी. निरोप समारंभाला ऑटोग्राफ बुकं फिरली. पहिलं पान गुरुजींचं, हे न सांगता सगळ्यांना ठाऊक. (विटेनबर्ग!) शेवटच्या पानाच्या शेवटच्या कोपऱ्यावर कोण लिहितं यावरून भांडणं. मजकूर बघाल तर सगळ्यांचा एकच, विसरू नकोस, यशस्वी हो, पाण्याची आणि मैत्रीची कसलीतरी यमकं. लेकीचा 'मनापासून' शब्द मला आठवला आणि हसू आलं. 1975 पासून दहावीची परीक्षा आली आणि निरोप एक वर्ष अलीकडे सरकला. फेब्रुवारीतला 'सेंड-ऑफ', मार्चची परीक्षा, मग कुणी ज्युनियर कॉलेजला, कुणी आय.टी.आय.ला, कुणी शेतावर आणि बऱ्याच मुली लग्नाला. आमच्या तालुक्याच्या गावी ती ताटातूट खरीखुरी होती. एका वर्षी एका मुलाकडे ऑटोग्राफ बुक नव्हतं. त्यानं भूगोलाच्या पुस्तकाची मागची कोरी बाजू माझ्यापुढे धरली. "बाई, इथंच करा." वर्गातल्या सगळ्यांच्या सह्या त्यानं तिथे दाटीवाटीनं घेतल्या होत्या. पुस्तक परत अर्ध्या किमतीत विकायचं होतं हे मला माहीत होतं, त्यालाही होतं. तरी घेतल्या.

पुढे शहरांत स्लॅम बुकं आली. तुझा आवडता रंग, आवडता नट, माझ्यातली न आवडणारी गोष्ट, असे छापील रकाने. यातली मौज अशी की अमेरिकेत 'स्लॅम' म्हणजे झोडपणं. तिथे स्लॅम बुक ही लपूनछपून फिरणारी वही, दुसऱ्याबद्दल नाव न घालता वाईटसाईट लिहायची. आपल्याकडे येता येता तिचा विषारी दात पडला आणि ती गोड मैत्रीची वही झाली. ती इथल्या पोरांनी केलेली दुरुस्ती आहे, आणि मला तिचं कौतुक वाटतं. शेवटच्या दिवशी पांढऱ्या शर्टावर पेननं सह्या करायची चालही तेव्हाचीच. आयांनी किती साबण घासला असेल!

तर लेकीचा प्रश्न. आजच्या मुलांना याचं काही वाटतं का?

2020 च्या मार्चमध्ये करोनामुळे तिकडच्या शाळा बंद झाल्या आणि वर्ष संपेपर्यंत बहुतेक ठिकाणी उघडल्याच नाहीत. इयरबुकं छापून आलेली होती. शाळांनी ती गाड्यांच्या रांगा लावून वाटली. मास्क लावलेल्या शिक्षकांनी खिडकीतून पुस्तक आत द्यायचं आणि गाडी पुढे. कोऱ्या पानांचं काय? कंपन्यांनी संगणकावर सह्या करायची सोय काढली. फोटो होते, नावं होती, फोनही होते. नव्हतं ते एवढंच, की आपलं पुस्तक दुसऱ्याच्या हातात देऊन, तो काय लिहितोय ते बघायचं नाही असं ठरवून, शेजारी उभं राहणं. फोनवर दोनशे निरोप येतात, पण त्यासाठी कुणी कुणासमोर उभं राहत नाही.

आणि 2022 च्या मे महिन्यात कोलोरॅडो राज्यातल्या एका सहावीतल्या मुलाची गोष्ट जगभर छापून आली. मुलं त्याला चिडवत असत. इयरबुक घेऊन तो वर्गात फिरला, बहुतेकांनी सही द्यायला नकार दिला. दोन मुलांनी केली, दोन शिक्षकांनी केली. मग त्यानं स्वतःच स्वतःला लिहिलं, की तुला आणखी काही मित्र मिळोत, आणि खाली आपलंच नाव घातलं. आईनं ते पान पाहिलं आणि पालकांच्या गटावर टाकलं. दुसऱ्या दिवशी त्याच शाळेतली अकरावी-बारावीची मोठी मुलं त्याच्या वर्गाबाहेर रांग लावून उभी. शंभराहून जास्त सह्या झाल्या. त्यांच्यामागून त्याच्या वर्गातलीही काही मुलं आली. सिनेमात 'अँट-मॅन' होणारा नट पॉल रड यानंही त्या मुलाशी संपर्क केला.

मोठी मुलं का आली? त्यांच्याही खिशात फोन होते. मला वाटतं, चौथी-पाचवीपासून ती सगळी या पानांतून गेलेली असतात आणि रिकाम्या पानाचा अर्थ त्यांना कुणी समजावून सांगावा लागत नाही. मोठ्यांची चूक होते ती इथे. आपण सही ही आठवण समजतो, आणि आठवणीसाठी फोन पुरेसा आहे म्हणून सही गेली असं धरून चालतो. मुलांना ती आज हवी असते. मजकुराकडे त्यांचं फार लक्ष नसतंच. चार अक्षरं का असेनात, ती कुणी लिहिली, हसून लिहिली की हात झटकून, एवढं त्यांना पुरतं. नातीला मी विचारलं होतं, हे पुस्तक तू पुन्हा कधी उघडशील? म्हणाली, "माहीत नाही. बहुतेक नाही." आणि एकसष्ट सह्या मात्र तिनं मिळवल्या होत्या. तिसऱ्या दिवसाची शेवटची तासिका संपेपर्यंत ती मागे लागून होती.

मला खटकते ती दुसरी बाजू. ही पुस्तकं स्वस्त नसतात. शाळेगणिक किंमत बदलते, पण पन्नास-साठ डॉलर किंवा त्याहून जास्त हे काही फार वेगळं नाही. दोन-तीन मुलं असलेल्या घराला ते जड जातं, आणि मग वर्गात काही मुलं अशी असतात की जी सगळ्यांच्या पुस्तकांत लिहितात आणि त्यांच्याकडे पुढे करायला स्वतःचं काही नसतं. धंदा करणाऱ्या कंपन्यांचं त्यावाचून अडत नाही. पण तिथल्या कितीतरी शिक्षिका वर्षाअखेर एक गोष्ट करतात. लेकीच्या शेजारीण शाळेत शिकवतात, त्यांनी मला दाखवली. साधे चार कागद मधोमध दुमडायचे, वर मुलाचं नाव घालायचं, घडीवर स्टेपलच्या दोन पिना मारायच्या. ज्यांनी पुस्तक घेतलेलं नाही त्यांच्या बाकावर सकाळी ही वही ठेवलेली असते. कुणी काही बोलत नाही. दुपारपर्यंत ती भरते.